सारख्या बरण्या

१२ फेब्रुवारी

प्रिय आई,

फोन केला की ताई उचलतात आणि "आई झोपलीये" म्हणतात. सकाळी झोपलीये, दुपारी झोपलीये, दिवेलागणीलाही झोपलीये. या घरात तुम्ही दुपारी कधी पाठ टेकली नाहीत, मग लेकीकडे जाऊन एवढी झोप कुठून आली? म्हणून पत्र लिहिते आहे. हे तुम्ही एकट्याच वाचा, ताईंच्या हातात देऊ नका. त्यांच्या कानावर काही पडलं की त्या गोष्टीला पाय फुटतात.

मला एकच विचारायचं आहे. तुम्ही का गेलात?

"दोन दिवस जाऊन येते" म्हणालात. पण दोन दिवसांसाठी जाणारं माणूस उशी घेऊन जात नाही. तुमची उशी पलंगावर नाही हे मला तुम्ही गेल्यावर दिसलं.

मला वाटतं, मी यांच्या वस्तू हलवल्या म्हणून तुम्ही रागावलात. लेकाची आठवण सुनेनं पुसून टाकली असं तुम्हाला वाटलं असेल. तसं नाही हो. हे होते तोवर मला घरात काही शोधावंच लागलं नाही. "अहो, पक्कड?" म्हटलं की पक्कड हातात. हे गेले आणि महिनाभरात स्वयंपाकघरातला नळ तुटला. तुम्ही तापानं आत पडून होतात, तुम्हाला नाही सांगितलं. पाणी घोट्यापर्यंत आलं आणि मी पक्कड शोधत घरभर फिरते आहे. सापडली कुठे, तर मिठाच्या डब्यामागे! मिठाशी पकडीचा काय संबंध? कात्री साखरेशेजारी, मेणबत्त्या तांदळाच्या डब्याच्या झाकणावर. कुलपं दुरुस्त करणारा माणूस, दुकानातली एकेक किल्ली ओळीनं लावणारा, आणि घरात हा असा गोंधळ. खालच्या मजल्यावरची शिवणवाली ओला गालिचा खांद्यावर टाकून वर आली आणि म्हणाली, "वहिनी, तुमच्या घरात पाणी शिरलंय की पाण्यात तुमचं घर?"

त्या दिवशी मी ठरवलं, आता कुणाला हाक मारायची सोय राहिली नाही, तेव्हा आपलं आपल्याला सापडलं पाहिजे. वाचनालयातून घर आवरण्याचं पुस्तक आणलं. त्यात सरळ लिहिलंय, एका जातीच्या वस्तू एका जागी. मी तेच केलं. यांची हत्यारं एका पेटीत गेली. ते पोचे पडलेले, कुणाचं झाकण कुणाला असे डबे भंगारवाल्याला दिले. त्यांच्या गळ्यात यांनी कसल्या कसल्या सुतळ्या बांधल्या होत्या, तेलकट, गाठी मारलेल्या, त्याही गेल्या. काचेच्या सारख्या बरण्या आणल्या आणि प्रत्येकीवर नाव लिहिलं. तुम्हाला चष्मा शोधावा लागू नये म्हणून अक्षरं बोटभर मोठी काढली. पॅसेजमधली दोरीही काढून टाकली. इतकी वर्षं ती भिंतीलगत होती, तिच्यावर कधी एक रुमालसुद्धा वाळला नाही. तुमचा पलंग खिडकीशी सरकवला, म्हणजे तुम्हाला वाचायला उजेड मिळेल.

घर आरशासारखं झालं, आई. शिवणवाली म्हणाली, "काय हो, दुकान मांडलंय का?" तुम्ही मात्र चौकटीला हात लावून नुसत्या उभ्या राहिलात.

रागावला असाल तर या आणि समोर बसून रागवा. घर नीट आहे, पण नीट घरात एकटीला बसवत नाही.

तुमची सून

३ मार्च

प्रिय आई,

उत्तर आलं नाही. फोन करणं मी सोडून दिलं आहे.

इकडचं सांगते. यांचं दुकान उघडलं. कोऱ्या किल्ल्या सगळ्या मापाप्रमाणे लावल्या आणि किल्ली कापायचं यंत्र चालवणं हळूहळू जमवलं. पहिलं गिऱ्हाईक एक शाळामास्तर. त्यांना किल्ली करून दिली, ते घरी गेले आणि तासाभरात परत. म्हणाले, "बाई, हिनं कुलूप उघडत नाही, पण कान छान कोरता येतो." मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. मग दुसरी कापली, तिनं उघडलं. आता कानकोरणी कमी होतात. हे सांगायचे ना, कुलपाच्या आत बघायचं नसतं, हाताला काय लागतंय ते ऐकायचं. मला ते अजून ऐकू येत नाही. मी आपली डोळे फाडून बघत बसते.

मागच्या पत्रात मी त्या दिवशीच्या भाजीबद्दल काही लिहिलं नाही. लिहायचं टाळलं. त्याचाच राग असेल तर मला कळायला हवं.

तुम्ही भाजीत मिठाऐवजी धुण्याचा सोडा घातलात. सोडा खरं तर मोरीत ठेवायचा, पण बरण्यांच्या ओळीत एक बरणी उरली होती, रिकामी बरी दिसत नव्हती, म्हणून मी तीत सोडा भरला. नाव लिहिलं होतं. पहिल्या घासाला मी थुंकले आणि बोलले, "एवढं मोठं लिहिलंय, डोळे आहेत का बटणं?"

तुम्ही हसलात. "बटणंच आहेत गं," म्हणालात. तुम्ही हसलात म्हणून मीही हसले. मला वाटलं, गेली गोष्ट. आपण दूध प्यायलो आणि झोपलो. सकाळी तुम्ही शिवणवालीला वर बोलावून घेतलंत आणि तिच्याकडून ताईंना फोन लावून घेतलात. मी शेजारच्या खोलीत होते, आई. मला का नाही सांगितलंत लावायला?

तो शब्द मी परत घेते. सासूला असं बोलू नये हे मला कुणी शिकवायला नको. पण तुम्ही माझं याहून वाईट बोलणं ऐकून घेतलं आहे, मीही तुमचं ऐकलं आहे, आणि आपण त्याच दिवशी एका ताटलीत शेंगा सोलत बसलो आहोत. एका भाजीसाठी कुणी घर सोडतं का?

यांचं स्टूल, यांचा चष्मा, यांचा डबा, जे जिथे होतं तिथे परत ठेवते. तुम्ही फक्त हो म्हणा.

तुमची सून

२० मार्च

आई,

काल ताईंचं पत्र आलं. ते तुमच्या नकळत लिहिलेलं आहे, तेव्हा त्यांनी काय लिहिलं ते सांगितलं पाहिजे. इथून पुढे कुणी कुणाच्या नकळत काही करू नये असं मला फार वाटतंय.

त्या लिहितात, "वहिनी, आई फोनवर येत नाही त्याचं कारण राग नाही. तुमचा आवाज ऐकला की ती रडते, आणि ते तुम्हाला ऐकू द्यायचं नाही तिला. आईला दिसत नाही. उजेड आणि सावली, एवढंच उरलंय. मलाही ती इथे आल्यावर कळलं. पहिल्याच दिवशी ती दार समजून कपाटात शिरायला निघाली. दादाला सगळं ठाऊक होतं. त्यानंच तिच्या हाताला सापडेल असं घर लावून दिलं होतं. तुम्हाला सांगायचं नाही अशी तिनं त्याला शपथ घातली होती. तुमची दोन्ही पत्रं मीच मोठ्यानं वाचून दाखवली. गोष्टीला पाय फुटतात, तेसुद्धा."

ताई, तुम्ही हे वाचताय म्हणजे तुमच्याशीही बोलायला हवं. पायांबद्दल माफ करा.

पत्र वाचलं आणि मी स्वयंपाकघरात गेले. डोळे मिटले आणि बरण्यांच्या ओळीवरून हात फिरवला. पहिली, दुसरी, शेवटची, सगळ्या गार, गुळगुळीत, सारख्या. डोळे उघडेपर्यंत मला माझ्याच घरात मीठ सापडलं नाही. बोटभर अक्षरं काढली मी! अक्षरांवरून बोट फिरवून पाहिलं, शाईला काही उंची नसते.

मग मला एकेक आठवायला लागलं आणि थांबेचना. तुम्ही रोज सकाळी वर्तमानपत्र माझ्या हातात द्यायचात. "तू वाच, तुझी जीभ सुटू दे." लग्न होऊन आले तेव्हा मला दुकानांच्या पाट्यांपलीकडे वाचता येत नव्हतं. मी पुड्यांचे कागद वाचायची, भाजीवाल्याच्या रद्दीतली अर्धी गोष्ट वाचून उरलेली मनानं रचायची. आणि एक सासू आपली रोज वर्तमानपत्र वाचून घेते, अडखळलं की शब्द पुरवते, ते कागदाकडे न बघता! मला वाटायचं, केवढ्या हुशार आहेत. मी सगळ्यांना सांगायची, मला आमच्या सासूबाईंनी वाचायला शिकवलं. शिकवत होतात की तुम्हाला बातम्या ऐकायच्या होत्या? दोन्ही खरं असेल. मला दोन्ही चालेल.

पण मला सांगितलं का नाहीत? मी तुम्हाला बसवून ठेवलं असतं, अशी भीती वाटली ना? खरं सांगायचं तर बसवलंच असतं. पहिल्यांदा हातातली सुरी काढून घेतली असती, मग गॅसला हात लावू दिला नसता, मग आल्यागेल्यासमोर "त्यांना दिसत नाही हो" म्हणून उसासे टाकले असते. तुम्ही मला बरोबर ओळखलंत.

यांच्यावर मात्र मी रागावले आहे. रोज शेजारी झोपणाऱ्या माणसानं एवढं मोठं काही पोटात ठेवावं? इतका राग आलाय आणि काढायला नवरा नाही, ही फार गैरसोय आहे.

"बटणंच आहेत गं," म्हणालात आणि मी हसले. ते माझ्या कानातून जात नाही.

तुमची सून

९ एप्रिल

आई,

ताई वाचतील, तुम्ही ऐका.

भंगारवाल्याकडे गेले. म्हणाला, "डबे परत? बाई, आमच्याकडे येतात, आमच्याकडून जात नाहीत." तरी त्यानं ढिगात शिरून काही काढून दिले. साखरेचा चौकोनी मिळाला, तांदळाचा मिळाला, चहाचा पोचा पडलेला मिळाला. मिठाचा गेला. त्याच्या जागी तसलाच बुटका शोधते आहे. काचेच्या बरण्या सगळ्या शिवणवालीला दिल्या, ती त्यांत बटणं भरते. मला ते बघवत नाही, पण तिला काय सांगू?

डोळ्यांवर टॉवेल बांधून मी घरात चालून बघते. पहिल्या दिवशी नडगी फुटली. शिवणवाली दारात उभी राहून म्हणाली, "वहिनी, या वयात आंधळी कोशिंबीर?" मग तिला सगळं सांगितलं. ती तशीच खाली गेली आणि जाड सुतळीचं रीळ घेऊन आली.

पलंग जुन्या जागी नेला. त्याच्या पायांचे डाग फरशीवर होते, त्यामुळे ते सोपं गेलं. पलंगावरून उठून, टॉवेल बांधून, शेगडीकडे चालत गेले तेव्हा मला यांचं डोकं कळलं. त्यांनी कधी दोन सारखे डबे शेजारी ठेवले नाहीत. पत्र्याच्या डब्याशेजारी लाकडी, उंच डब्याशेजारी बसका. कात्री साखरेशेजारी, कारण साखरेची पिशवी कापावी लागते. पक्कड मिठामागे, कारण नळ तिथेच आहे आणि तो सारखा बिघडायचा. यांनी वस्तू जातीप्रमाणे लावल्याच नव्हत्या. तुम्ही सकाळी उठल्यापासून जशा चालता तशा लावल्या होत्या. आणि मी म्हणायची, गोंधळ. पुस्तक वाचनालयात परत दिलं. पुस्तकाची चूक नाही, ते लिहिणाऱ्याला आपलं घर माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं.

मी ताईंना विचारलं होतं, चहाच्या डाव्या हाताला काय असायचं ते आईंना विचारून कळवा. तुमचं उत्तर आलं, "मला आठवत नाही, हाताला माहीत आहे." आणि मग ताईंनी लिहिलंय की तुम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात उभ्या राहिलात, आपल्या ओट्यासमोर असल्यासारख्या, आणि हवेत हात नेलात, इथे चहा, इथे काडेपेटी, इथे तुझ्या वहिनीची गाळणी. आणि ताई मागून टेप घेऊन जमिनीपासून हाताची उंची मोजत होत्या. ताई, तुम्ही पाठवलेली मापं एकदम बरोबर निघाली. काडेपेटी अडकवायचा खिळा गेला होता, पण भिंतीला भोक होतं, नेमकं तुम्ही सांगितलेल्या उंचीवर. मी त्या भोकात बोट घालून बराच वेळ उभी होते.

तुम्ही धरून चालायचात ती पॅसेजमधली दोरी नवी आणली आहे. ती एकदा लागली, डबे ओळखायच्या सुतळीच्या गाठी एकदा तपासल्या, की मी न्यायला येते. यायच्या आधी कळवणार नाही. कळवलं की तुम्ही मला येऊ देणार नाही, "उगाच धावपळ" म्हणाल.

तुमची सून

२८ एप्रिल

प्रिय आई,

परवा घाईघाईत येऊन गेले, धड बसताही आलं नाही. कोऱ्या किल्ल्यांचा माल त्या भागात चांगला मिळतो असं कळलं होतं, म्हणून आले आणि वाट वाकडी करून तुमच्याकडे डोकावले. हातातली मोठी पिशवी त्या मालासाठीच होती.

तुम्ही मला ताईंचं घर दाखवलंत ते फार आवडलं. तुम्ही पुढे, मी मागे. "इथे एक पायरी आहे, जपून," असं तुम्ही मला सांगत होतात! ताईंच्या दाराची कडी सैल झाल्याचं तुम्हीच ओळखलंत, जावईबापूंना महिनाभर कळलं नव्हतं. नात शाळेतून आली तर तिचं पाऊल वाजायच्या आधी तुम्ही कंगवा हातात घेतला होतात. भांग काय सरळ काढलात! मला डोळे असून तसा जमत नाही. "आजी, दुखतंय," म्हणाली तर "दुखतंय तर दुखू दे, शाळेत झिंज्या घेऊन जातेस, लोक म्हणतील घरात कुणी बघणारं नाही," आणि दोघी हसत सुटलात. मीही हसले.

तुम्ही विचारलंत, घराचं कुठवर आलं? तेव्हा सांगितलं तेच पुन्हा सांगते. अजून बरंच बाकी आहे. दोरीचे हूक हवे तसे मिळत नाहीत, मिठाचा डबा मिळत नाही, आणि आता ओट्याची फरशीही उखडलीये. गवंडी आज येतो, उद्या येतो करतोय. तेव्हा घाई करू नका. मी महिन्या दोन महिन्यांनी माल घ्यायला येतच जाईन, तेव्हा भेट होईल. पुढच्या वेळी वर्तमानपत्र घेऊन येते.

(ताई, कंसातलं मोठ्यानं नको, आवाज न थांबवता पुढचं एवढं वाचा:) बाकी सगळं ठीक आहे, प्रकृतीला जपा, नातीला गोड पापा, तुमची सून.

वाचलंत? आता पुढचं मनात वाचा. आई जवळच बसल्या असतील. श्वास लांबला तरी त्यांना कळतं.

किल्ल्यांचा माल तिकडे मिळत नाही. मी न्यायलाच आले होते. पिशवी त्यांच्या कपड्यांसाठी रिकामी आणली होती. दोरी लागली आहे. ओट्याची फरशी शाबूत आहे. मिठाचा डबा मिळाला. टॉवेल बांधून मी पलंगापासून शेगडीपर्यंत जाते, चहा करते, कप भरते आणि थेंब सांडत नाही.

तुमचं दार उघडं होतं. मी चपला काढत होते. आत तुम्ही दोघी वाटाणे सोलत होतात. आई म्हणाल्या, "ती न्यायला येईल आता." तुम्ही म्हणालात, "नको असेल तर नाही म्हण ना." त्या म्हणाल्या, "तिला नाही म्हणू? तिनं उलटं झालेलं घर माझ्यासाठी पुन्हा सुलटं केलं. आली की जाईन मी. पण तिथं प्रत्येक डबा त्यानं ठेवलेला. हात लावला की त्याचा हात लागतो. तो असताना ते बरं होतं. इथं डबा म्हणजे नुसता डबा असतो गं."

मग मी चपला पुन्हा घातल्या, दोन जिने खाली उतरले, आणि पाय आपटत वर आले. तेव्हा तुम्ही दार उघडायला पुढे झालात आणि "वहिनी, अचानक?" म्हणालात. माझ्या तोंडातून किल्ल्यांचं निघालं.

त्यांना मी कधी विचारणार नाही. विचारलं तर त्या येतील, म्हणून. तुम्हीही विचारू नका. त्यांनी आपणहून विषय काढला तर फरशी अजून बसायची आहे म्हणा. गवंडी दारुडा आहे म्हणा, म्हणजे बरेच महिने निघतील.

इकडची काळजी करू नका. घर मी आता हलवणार नाही. त्यांना जे सोसत नाही तेच मला हवं आहे. सकाळी टॉवेल बांधते आणि मिठाला हात लावते.

आता पत्राची घडी घालून त्यांच्या हातात द्या. त्या मागतातच, म्हणालात ना तुम्ही, आणि चाचपून उशीखाली ठेवतात. "आज एवढंच लिहिलं तिनं?" असं विचारतील. हो म्हणा. मी मुद्दाम एकाच कागदावर, पाठपोट, बारीक अक्षरात लिहिलं आहे. त्यांच्या बोटांना कागद एकच लागेल.